शिडी चढताना गोठलेली स्त्री

आनी एर्नो यांचा विवाह १९६४ साली झाला. पत्नीने नोकरी धरण्यास आडकाठी करण्याचा अधिकार त्या वेळी फ्रान्समध्ये पतीला कायद्याने होता. नेपोलियनच्या १८०४ च्या नागरी संहितेचा हा वारसा. १३ जुलै १९६५ च्या कायद्याने ही आडकाठी दूर केली आणि पतीच्या संमतीविना बँकेत खाते उघडण्याची मुभा दिली. १९७० मध्ये मुलांवरील 'पित्याची सत्ता' जाऊन तिथे आईवडिलांचा संयुक्त अधिकार आला.

कायद्याच्या ग्रंथांत कुटुंबाची कहाणी इथे सुफळ संपूर्ण होते. एर्नो यांची १९८१ ची आत्मचरित्रात्मक कादंबरी 'ला फाम जले', म्हणजे 'गोठलेली स्त्री', वाचल्यावर मात्र हा शेवट पटत नाही.

एर्नो नॉर्मंडीतील इव्हतो या गावी वाढल्या. आईवडिलांचे किराणा दुकान आणि त्यालाच जोडलेला कॅफे. कादंबरीतही घर असेच आहे. वडील भाज्या सोलतात, भांडी घासतात. आई हिशेब पाहते, घरकाम कसेबसे उरकते, वाचनात रमते. बायकांची कामे निराळी असतात, हे निवेदिकेला कळते ते शाळेत आणि मैत्रिणींच्या सुस्थित घरांत. पुढे ती सुशिक्षित मध्यमवर्गीय तरुणाशी विवाह करते. दोघेही विद्यार्थी, दोघेही समतेवर बोलणारे. तरीही स्वयंपाकघर तिच्या वाट्याला येते. त्याचा अभ्यास सुरू राहतो. मूल झाल्यावर ही वाटणी पक्की होते.

शिक्षण आणि सुस्थिती वाढली की स्त्री-पुरुष विषमता आपोआप घटते, या लाडक्या गृहीतकाला इथे तडा जातो. निवेदिकेला विषमता भेटते ती सामाजिक शिडी चढल्यावर. (यावरून सारी श्रमिक घरे समतावादी ठरवू नयेत, हे एका घराचे चित्र आहे. पण कायद्याच्या कलमांत न सापडणारा पुरावा म्हणून त्याचे मोल मोठे.)

एर्नो यांनी पहिली कादंबरी पतीपासून लपवून लिहिली. आपण प्रबंधावर काम करतो आहोत, असे त्या सांगत. बेकायदा गर्भपात हा विषय असलेली ती कादंबरी १९७४ मध्ये निघाली. गर्भपाताला मान्यता देणारा व्हेय कायदा त्यानंतर, जानेवारी १९७५ मध्ये आला.

त्याच वर्षांत त्यांचे पती सुपर ८ कॅमेऱ्याने कुटुंबाचे चित्रण करीत होते. एर्नो यांना नोबेल मिळाले त्या २०२२ सालीच त्या फितींचा चित्रपट मुलाच्या साहाय्याने प्रदर्शित झाला. दृश्ये पतीने टिपलेली आहेत. त्यांवरील निवेदन एर्नो यांनी लिहिले आणि स्वतःच्या आवाजात वाचले.