परक्या नावाचा सर्प

सह्याद्रीच्या रानात पाऊस चांगला मुरला आणि जमिनीतील बिळांत पाणी शिरले, म्हणजे पाचोळ्याखालून क्वचित एक काळाभोर सर्प वर येतो. उन्हाची तिरीप पडताच त्याच्या अंगावर निळसर-जांभळी झाक चमकते. हा विषारी नाही. मातीत राहून गांडुळे खाणारा आहे. तरी माणसाच्या दृष्टीस पडला की बहुधा काठीखाली येतो. त्याला स्वतःचे नाव लाभले ते २०१६ साली.

याच्या कुळाला मराठीत ‘खापरखवल्या’ म्हणतात. दक्षिण भारत व श्रीलंका यांच्याबाहेर हे कूळ जगात कोठेही नाही. त्यातील बहुतेकांच्या शेपटीचे टोक तिरके छाटल्यासारखे व खरखरीत असते. काळ्या खापरखवल्यांची शेपटी मात्र साधी, बाजूंनी चपटी. नावातले खापर त्यांच्या अंगी नाहीच! कार्ल गान्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी या कुळातील सर्पांची चाल तपासून १९७८ साली मालगाडीची उपमा दिली होती. शरीराच्या पुढील भागाचे स्नायू लालभडक व न थकणारे असतात. ते इंजिनाप्रमाणे माती फोडतात आणि मागचे शरीर डब्यांसारखे ओढले जाते.

काळ्या खापरखवल्यांची पहिली ओळख करून दिली ती रिचर्ड हेन्री बेडोम यांनी. मद्रासच्या लष्करातून वनखात्यात आलेल्या या अधिकाऱ्याने १८६३ ते १८७१ या काळात तीन जातींचे वर्णन केले. १८७१ सालची जात ठिपकेदार. ती केरळ व तमिळनाडूच्या डोंगरांतील. पुढे गोवा व लगतच्या घाटांत ठिपक्यांचा काळा सर्प सापडला, तेव्हा त्यालाही तेच नाव देण्यात आले. जमिनीखालचा प्राणी, नमुने मोजके; अभ्यासकांना फार दोष देता येत नाही. तथापि मधले शेकडो किलोमीटरांचे अंतर आणि पालघाटची खिंड हा मातीतला जीव ओलांडणार कसा, ही शंका लवकर यावयास हवी होती.

ती २०१६ साली फिटली. लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयातील डेव्हिड गॉवर व मार्क विल्किन्सन आणि आपल्याकडील वरद गिरी व अशोक कॅप्टन यांनी नवे व जुने नमुने एकमेकांशी ताडून पाहिले. खवल्यांची गणती जुळेना. उत्तरेकडील सर्प निराळी जात ठरला आणि त्याला नीलिमकुमार खैरे यांचे नाव देण्यात आले. १९८० साली पुण्यात ७२ विषारी सर्पांच्या सहवासात ७२ तास काढणारे आणि पुढे कात्रजचे सर्पोद्यान उभारणारे ते हेच खैरे. सर्प डिवचल्याविना चावत नाही, हे त्यांना लोकांना दाखवावयाचे होते.

संग्रहालयांत ठिपकेदार जात म्हणून ठेवलेले उत्तरेकडील जुने नमुने आता खैरे यांच्या नावाखाली गेले आहेत.