कान्हेरीच्या दगडावर नाव कोरताना

काही विषय टू-डू लिस्टमध्ये महिनोन्‌महिने पडून राहतात. हा त्यातलाच एक. डिसेंबर २०२३ मधल्या एका रविवारी आम्ही घरचे चौघं, म्हणजे मी, बायको, आई आणि आमचे चिरंजीव (वय वर्षं आठ), बोरिवलीच्या नॅशनल पार्कात गेलो होतो. निघताना हेतू शुद्ध टाइमपासचा होता. परत आलो ते एक प्रश्न घेऊन.

चिरंजीवांची लिस्ट तयार होती. पहिला नंबर वनराणीचा, दुसरा वाघ-सिंहांच्या सफारीचा, तिसरा बोटीचा, चौथा भाड्याच्या सायकलचा. कान्हेरीच्या गुंफा पाचव्या नंबरवर होत्या, त्याही "आजी म्हणते म्हणून". मेट्रोत बसलो. मागाठाणे स्टेशन गेलं, देवीपाडा गेलं आणि 'राष्ट्रीय उद्यान'ला उतरलो. (मागाठाणे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.)

गेटच्या आत गेल्यावर पहिला धक्का: वनराणी बंद. मे २०२१ च्या तौक्ते वादळात रुळांची वाट लागली, तेव्हापासून गाडी थांबलेली होती. चेहरा पडला. मग जाळीच्या बसमधून सफारी झाली. वाघाने आमच्याकडे पाठ फिरवून झोप काढली, तरी पैसे वसूल. मग पॅडलची बोट. बोट चालवताना माझ्यातला मास्तर जागा झाला. "हे पाणी कुठून येतं माहितीये? ही दहिसर नदी. वर तुळशी तलाव आहे, तिथून निघते." "नदी? दहिसरला तर नाला आहे." यावर मी काय बोलणार!

दुपारी बसने कान्हेरी. गेटपासून सहा-सात किलोमीटर आत. पायऱ्यांच्या तोंडाशी बोरं, चिंचा, काकड्या घेऊन पाड्यावरच्या बायका बसलेल्या असतात. आईने एका मावशींकडून काकड्या घेतल्या. निघताना मावशींनी विचारलं, "ताई, पाणी उरलं तर उतरताना देता का? वर आणायचं म्हणजे डोक्यावरून आणावं लागतं." आई म्हणाली, देते. मी पुढे निघालोसुद्धा होतो.

कान्हेरी म्हणजे जुन्या लेखांमधलं कण्हगिरी, कृष्णगिरी. काळसर डोंगराच्या एकाच उतारावर शंभराहून जास्त लेणी. इसवी सनाच्या आगेमागे खोदकाम सुरू झालं आणि जवळजवळ हजार वर्षं इथे वस्ती, भर, दुरुस्ती काही ना काही चालूच राहिलं. आपल्या धंद्यात दहा वर्षं जुनी सिस्टीम चालू असली की आपण तिला लेगसी म्हणून नाक मुरडतो. असो.

तिसऱ्या नंबरच्या चैत्यगृहातल्या उंच बुद्धमूर्ती पाहून अकरा नंबरच्या लेण्यात गेलो. लोक याला दरबार हॉल म्हणतात. मध्ये दोन लांबच लांब दगडी बाक आहेत. मी बायकोला तिथल्या नवव्या शतकातल्या लेखांबद्दल सांगत होतो, की राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या आणि त्याच्या मांडलिक शिलाहारांच्या काळात गौड देशातून, म्हणजे आजच्या बंगालातून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने इथे शंभर द्रम्म ठेव म्हणून ठेवले. तेवढ्यात मागून कर्र-कर्र आवाज आला. चिरंजीव सायकलच्या कुलपाची किल्ली घेऊन बाकावर स्वतःचं नाव कोरत होते. पहिलं अक्षर निम्मं झालेलं!

मी ओरडलो. जरा जास्तच ओरडलो. किल्ली काढून घेतली, कायदा ऐकवला (संरक्षित स्मारक विद्रूप केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही), आणि "ही आपल्या बापजाद्यांची इस्टेट आहे का" वगैरे नेहमीचं बोललो. आई शांतपणे बाकाच्या कडेला बसली होती. म्हणाली, "तू पाचवीत असताना शाळेच्या सहलीला इथेच आला होतास. कंपासच्या टोकाने नाव कोरलंस म्हणून बाईंची चिठ्ठी आली होती घरी."

चिरंजीवांचे डोळे चमकले. "बाबा, मग तुझं नाव कुठे आहे?"

कुठे आहे ते मला खरंच आठवेना. तीस-पस्तीस वर्षांत त्याच्यावर आणखी शंभर नावं आली असतील. तेव्हा विषय बदलायचा म्हणून मी त्याला बाहेर नेलं आणि म्हटलं, चल, तुला खरी नावं दाखवतो.

कान्हेरीत जवळपास प्रत्येक लेण्याच्या दाराशी पाण्याचं टाकं आहे. ट्रेकला जाणाऱ्यांना टाकं सांगायला नको. ब्राह्मी लेखांत त्याला पोढी म्हणतात. वरच्या उतारावर खडकात चर कोरलेत. पावसाचं पाणी त्यातून वाहत येऊन टाक्यात पडतं. आपल्याकडे चार महिने आभाळ फाटतं आणि आठ महिने ठणठणाट. वर्षावासासाठी एका जागी थांबणाऱ्या भिक्षूंना पावसात छप्पर लागायचं, पण पाऊस संपल्यावरही इथे राहायचं तर साठवलेलं पाणी हवंच. डोंगराच्या पोटात शंभर लेणी टिकली त्यामागे मूर्ती आणि स्तूप जितके आहेत तितकीच ही टाकी आहेत.

आणि टाक्यांच्या वर लेख आहेत. इथले जुने ब्राह्मी लेख बघितले की मला थेट कमिट मेसेज आठवतो. फॉरमॅट ठरलेला: कोण, कुणाचा, कुठला, धंदा काय, दिलं काय. कल्याणचा सोनार सामिदत, दान पाण्याची पोढी. बस! दुसऱ्या कुणी लेणं दिलं, कुणी वाट करून दिली. देणारे सोपाऱ्याचे, कल्याणचे, चौलचे. व्यापारी, कारागीर, भिक्षुणी, घरातल्या बायका. म्हणजे आज वेस्टर्न आणि सेंट्रलने अपडाउन करणारी जनताच म्हणा ना.

काही जण नुसतं दान देऊन थांबले नाहीत, तर मेंटेनन्सचीही सोय करून गेले. तिला 'अक्षयनीवी' म्हणायचे, म्हणजे मुद्दल कायम राखायचं आणि उत्पन्न वापरायचं. अशाच एका लेखात मंगलठाण गावातल्या शेताचा उल्लेख आहे. शेताच्या उत्पन्नातून भिक्षूंची सोय. हे मंगलठाण म्हणजेच आपलं मागाठाणे. सकाळी ज्या स्टेशनवरून मोबाईलमध्ये डोकं घालून पुढे गेलो तेच.

सगळ्यात मोठं नावही एका टाक्यावरच आहे. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र सातकर्णी याची राणी कार्दमक घराण्यातली, महाक्षत्रप 'रु...' याची मुलगी. पुढचा दगड फुटलाय, पण अभ्यासक तो रुद्रदामन मानतात. तिचा विश्वासू अमात्य सतेरक याने पाणी साठवायचं टाकं दिलं, असा तो संस्कृत लेख. आता गंमत बघा. याच रुद्रदामनाचा इ. स. १५० चा प्रसिद्ध लेख जुनागढला गिरनारच्या पायथ्याशी आहे. त्यात तो म्हणतो, दक्षिणापथाच्या सातकर्णीला मी दोनदा हरवलं, पण नातं जवळचं म्हणून संपवलं नाही. आणि तो लेख मुळात कशाबद्दल आहे? वादळात फुटलेल्या सुदर्शन तलावाचा बांध दुरुस्त केल्याबद्दल! बापाचं नाव बांधाच्या दुरुस्तीवर, लेकीचं टाक्यावर. सासर-माहेरची भांडणं केव्हाच मिटली, नावं पाण्याशेजारी राहिली.

"म्हणजे पाणी दिलं की नाव लिहिता येतं?" चिरंजीवांनी नियम काढला. मला नियम आवडला. तिथेच थांबायला हवं होतं. पण हौस! मी त्याला वर नव्वद नंबरच्या लेण्यापर्यंत चढवत नेलं.

या लेण्यात दगडावर बारीक रेघांचं, उभं लिहिलेलं काहीतरी आहे. सांगितल्याशिवाय दिसत नाही. ही पहलवी लिपी, जुन्या इराणची. झरथुष्ट्री मंडळी इथे आली आणि लिहून गेली: यझ्दगर्दी सनाचं वर्ष, महिना, दिवस, इराणहून आलेल्या धर्मबांधवांची नावं. आपल्या हिशेबाने एक लेख ऑक्टोबर १००९ चा, दुसरा नोव्हेंबर १००९ चा, तिसरा ऑक्टोबर १०२१ चा. पाऊस संपून हवा मोकळी झाली की डोंगरावर जायचं, हे तेव्हाही तसंच होतं. लेणं बौद्धांचं, पाहुणे अग्निपूजक, आणि दान? काही नाही. ना पोढी, ना शेत, ना ठेव. आलो होतो, इतकंच.

चिरंजीवांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे यांनी पण माझ्यासारखंच केलं."

अगदी बरोबर! आणि तरीही या दोन-तीन ओळींसाठी पश्चिम किनाऱ्यावरच्या पारशांच्या इतिहासाचे अभ्यासक कान्हेरीचं नाव घेतात. कारण त्यांनी तारीख घातली. मी कंपासने कोरलेल्या नावाला ना तारीख, ना गाव, ना कारण. पण "तारीख घातली की चालतं" असं आठ वर्षांच्या मुलाला कसं सांगणार? हजार वर्षांनी जुनं झालं म्हणून इतिहास, काल केलं म्हणून गुन्हा, हे लॉजिक मलाच नीट कंपाइल होईना. जे जमलं ते सांगितलं: त्यांच्या वेळी भिंती रिकाम्या होत्या आणि येणारे मोजके. आता एका रविवारी हजारो येतात. प्रत्येकाने एकेक अक्षर कोरलं तर तो सोनार सामिदत पुसला जाईल. हे त्याला पटलं. मला अर्धवट पटलं, कारण माझं अक्षर तिथे आहेच.

उतरताना मनात पाणीच घोळत होतं. हे जंगल तरी मुंबईच्या मधोमध का उरलं? वाघ-बिबट्यांच्या प्रेमापोटी? तर सुरुवात तिथून झालेली नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या विहिरी आणि तलाव वाढत्या वस्तीला पुरेनात. हेन्री कॉनिबेअर या इंजिनिअरच्या योजनेनुसार (कुलाब्याचं अफगाण चर्चही त्याचंच) १८५६ मध्ये मिठी नदीवर विहार तलावाचं काम सुरू झालं, १८६० मध्ये ते पुरं झालं आणि मुंबईच्या नळाला पहिल्यांदा लांबून आणलेलं पाणी आलं. १८७९ मध्ये तुळशी. तलाव गाळाने भरू नयेत, पाणी नासू नये म्हणून भोवतालचे डोंगर राखले गेले. पुढे त्याचंच नॅशनल पार्क झालं: आधी कृष्णगिरी, मग बोरिवली, आता संजय गांधी. क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर. आज मुंबईच्या पाण्यात विहार-तुळशीचा वाटा तीन टक्क्यांच्या आत आहे. तेवढ्या पाण्यासाठी राखलेलं रान मात्र आपण रविवारी फुकटात मिळाल्यासारखं वापरतो.

आणि जे पाणी आपण विसरतो ते आठवण करून देतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मिठीही फुगली आणि दहिसरही. दोन्ही याच डोंगरातून निघतात. चिरंजीवांच्या भाषेत, दोन्ही नाले.

खाली आलो तेव्हा पाच वाजत आले होते. आईने आठवण केली, "त्या मावशींना पाणी द्यायचं होतं." तीन बाटल्या रिकाम्या होत्या. चिरंजीवांच्या बाटलीत अर्धं पाणी होतं. सायकल राहिली म्हणून तो फुगलेला होता, पण बाटली घेऊन गेला आणि देऊन आला. मावशींनी त्याच्या हातात चार बोरं ठेवली. या माणसांची घरं या रानात कित्येक पिढ्यांची आहेत. त्यांच्या नावाचा लेख मला डोंगरावर कुठे दिसला नव्हता. आणि पाणी त्या अजून डोक्यावरून आणतात. दोन हजार वर्षांपूर्वी ज्या उतारावर प्रत्येक दाराशी टाकं होतं, त्याच्या पायथ्याशी. यावर कुणी सोल्यूशन विचारलं तर माझ्याकडे नाही.

रात्री चिरंजीवांनी वहीत एक लेख 'कोरला'. फॉरमॅट ब्राह्मी, तारीख पारशांसारखी. नाव स्वतःचं, वडिलांचं नाव माझं, गाव अंधेरी, धंदा तिसरी ब. दान: अर्धी बाटली पाणी.

मी त्याच्याखाली माझी ओळ लिहायला घेतली. नाव, गाव, धंदा भराभर झालं. शेवटचा रकाना अजून रिकामा आहे. पोस्ट इतके महिने रखडली ती त्यामुळेच.

असो. पाऊस संपला की कान्हेरीला जाऊन या. टाक्यांवरचे लेख बघा आणि किल्ली खिशातच ठेवा. पाण्याच्या बाटल्या मात्र एक-दोन जास्त न्या.