अल्पवयीनांच्या गृहांची शासकीय मान्यता : जळकोट परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या मार्गावर नळदुर्ग ओलांडल्यावर जळकोट हे गाव लागते. आज ते धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यात मोडते. १९४८ पर्यंत मात्र जळकोट निजामाच्या राज्यात होते आणि शेजारचा सोलापूर जिल्हा मुंबई इलाख्यात. अपराधी ठरलेल्या मुलास कोठे ठेवावे व त्या जागेस मान्यता कोणी द्यावी, या प्रश्नास सरहद्दीच्या दोन्ही बाजूंस एकच कायदा लागू नव्हता.

ब्रिटिश हिंदुस्थानात या मान्यतेचे नियम १८९७ च्या सुधारशाळा अधिनियमात स्पष्टपणे आढळतात. हा अधिनियम पंधरा वर्षांखालील मुलग्यांपुरता होता. सुधारशाळेत रात्री मुलांना वेगवेगळे ठेवण्याची सोय, आरोग्य, पाणी, अन्न, वस्त्र व अंथरूण यांची योग्य व्यवस्था, धंदेशिक्षणाची साधने आणि आजाऱ्यांसाठी जागा, इतक्या गोष्टी आवश्यक मानल्या होत्या. शाळा वापरात आणण्यापूर्वी तुरुंगांच्या महानिरीक्षकाने ती तपासावी, योग्य वाटल्यास तसे प्रमाणपत्र द्यावे, ते राजपत्रात प्रसिद्ध व्हावे आणि पुढे वर्षातून निदान एकदा शाळेस भेट दिली जावी, असा दंडक होता. तपासणारा अधिकारी तुरुंगखात्याचा होता, ही त्या व्यवस्थेची मर्यादा होय. तथापि तपासणी आधी आणि मूल नंतर, हा क्रम तीत निश्चित होता.

१९१९-२० च्या तुरुंग समितीनंतर प्रांतोप्रांती मुलांसंबंधी स्वतंत्र कायदे झाले. मुंबईचा कायदा १९२४ चा. त्याची अंमलबजावणी करण्याच्या कामी १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. डोंगरीच्या ज्या तुरुंगात १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांनी १०१ दिवस काढले, तेथेच पुढे मुलांचे गृह आले. १९४८ मध्ये मुंबई राज्याने नवा अधिनियम केला. हैदराबाद राज्याचा मुलांविषयीचा अधिनियम १९५१ चा आहे. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. परंतु राज्यपुनर्रचनेच्या कायद्याने प्रत्येक प्रदेशातील पूर्वीचे कायदे, बदल होईपर्यंत, चालू ठेवले होते. त्यामुळे शासन एक झाले तरी कायदा त्याच दिवशी एक झाला नाही.

या सर्व कायद्यांतील प्रमाणपत्राचे स्वरूप ध्यानात घेण्याजोगे आहे. न्यायालयाने मुले कोणत्या संस्थेकडे पाठवावीत, एवढेच त्यावरून ठरे. प्रमाणपत्रावाचून मुले ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेस नोंदणीची सक्ती करणे हा त्याचा हेतू नव्हता. १९८६ च्या बालन्याय अधिनियमाने देशभर एक व्यवस्था आणली, तरीही शासनाने संस्थेस मान्यता ‘द्यावी’ असे न म्हणता ‘देता येईल’ अशीच भाषा वापरली. २००० च्या अधिनियमात २००६ साली दुरुस्ती होऊन, काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकांच्या सर्व संस्थांना सहा महिन्यांत नोंदणी बंधनकारक झाली.

विधिसंघर्षग्रस्त बालकांची गृहेही या सक्तीच्या कक्षेत आणली ती २०१५ च्या अधिनियमाने. तो १५ जानेवारी २०१६ पासून अंमलात आला. निरीक्षणगृह असो वा विशेषगृह, ते शासन चालवो वा स्वयंसेवी संस्था, अनुदान असो वा नसो, नोंदणी आवश्यक ठरली. तिची मुदत पाच वर्षांची. गृहाचा हेतू व मुलांची कमाल संख्या नोंदणीच्या वेळीच लिहून ठेवावी लागते. नोंदणी न करणाऱ्या प्रमुखास एक वर्षापर्यंत कारावास, किंवा किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. २०१६ च्या आदर्श नियमांत शयनगृहात प्रत्येक मुलामागे ४० चौरस फूट जागा धरलेली आहे. किमान तिघांच्या समितीने, ज्यांत एक स्त्री व एक वैद्यकीय अधिकारी असावा, तीन महिन्यांतून एकदा तरी पाहणी करावयाची असते. नोंदणी नसलेल्या संस्थेतही या समितीस प्रवेशाचा अधिकार आहे.

येथे १८९७ शी तुलना केल्यास एक विसंगती दृष्टीस पडते. २०१५ च्या मूळ अधिनियमानुसार अर्जानंतर एका महिन्यात तात्पुरती नोंदणी मिळावी. ती न मिळाल्यास अर्ज पोचल्याची पावतीच जास्तीत जास्त सहा महिने तात्पुरती नोंदणी समजली जावी. अधिकाऱ्याच्या दिरंगाईचा भुर्दंड संस्थेस बसू नये, हा त्यामागील उद्देश रास्त आहे. परंतु त्यामुळे पूर्वतपासणीचा जुना क्रम शिथिल झाला. मुलांच्या दृष्टीने पाहता, कोणी न तपासलेल्या इमारतीतही ती काही काळ कायदेशीरपणे राहू शकतात. २०२१ च्या दुरुस्तीने नोंदणीपूर्वी जिल्हादंडाधिकाऱ्यांची शिफारस विचारात घेण्याची तरतूद केली. ही दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली. तिने पूर्वतपासणीचे तत्त्व काही अंशी पुनः प्रस्थापित केले, असे म्हणता येईल.

गृहात ठेवले जाणारे मूल स्वतः ती जागा निवडीत नाही. जळकोटसारख्या गावातील मजुराच्या कुटुंबास एका भेटीसाठी दिवसाची मजुरी बुडवावी लागते. वारंवार जाऊन देखरेख करणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे असते. पालकांच्या डोळ्यांनी जे पाहता येत नाही, ते शासनाने पाहिले आहे, याची ग्वाही म्हणजे हे प्रमाणपत्र. जुनी सरहद्द पुसली गेली आणि कायदा एक झाला. मात्र या ग्वाहीचे मोल प्रमाणपत्रापूर्वीच्या तपासणीवर आणि दर तीन महिन्यांच्या भेटीवर अवलंबून राहिले आहे.