इम्पोर्ट एरर, डेटाबेस ड्रायव्हरमधील

पायथन प्रोग्रॅमने डेटाबेसशी जोडणाऱ्या ड्रायव्हरची मागणी केली, पण तो मेमरीत येण्याआधीच अडला, तर मिळणारी त्रुटी. विंडोज लॅपटॉपवर सुरळीत चाललेला कोड लिनक्स सर्व्हरवर चढवला, किंवा इंटेल मॅकवरून ॲपल सिलिकॉनच्या मॅकवर नेला, की ती उपटते.

दोष बहुधा पायथन कोडमध्ये नसतो. पोस्टग्रेसक्यूएलचा मुक्तस्रोत ड्रायव्हर सायकॉपजी २ हा सी भाषेतला असून लिबपीक्यू या लायब्ररीवर चालतो. ती सापडली नाही, फार जुनी निघाली वा दुसऱ्या प्रोसेसरसाठी कंपाइल झालेली असली की सारे थांबते. विंडोजवर पायथन ३.८ने (२०१९) अशा ड्रायव्हरला लागणाऱ्या डीएलएल पाथमधील फोल्डरांत शोधणे बंद केले. सुरक्षेच्या दृष्टीने निर्णय योग्यच होता, पण चालू ड्रायव्हर त्यामुळे अडू लागले. यावर डीएलएलचे फोल्डर कोडमधून नोंदवावे लागते किंवा डीएलएल पॅकेजमध्येच द्यावी लागते.

पॅकेजमध्ये सर्व भरण्याचा धोका सायकॉपजीच्या इतिहासात स्पष्ट दिसतो. २०१७च्या २.७ आवृत्तीसोबत व्हील, म्हणजे आधीच कंपाइल केलेली पॅकेजे, आली आणि कंपायलरची गरज संपली. मात्र लिनक्सवर व्हीलमधील ओपनएसएसएल आणि पायथन वापरत असलेली ओपनएसएसएल एकाच प्रोसेसमध्ये आल्या आणि अनेक थ्रेड चालताना प्रोग्रॅम कोसळू लागले. म्हणून २०१८मध्ये ‘सायकॉपजी२-बायनरी’ हे वेगळे पॅकेज निघाले. प्रत्यक्ष सेवेतल्या सर्व्हरसाठी सोर्समधून बिल्ड करावे, असा ड्रायव्हरकर्त्यांचा सल्ला आहे.

सायकॉपजी ३ (२०२१) सी, बायनरी आणि शुद्ध पायथन हे तीन पर्याय क्रमाने आजमावतो. तिन्ही फसले तर प्रत्येकाचे कारण संदेशात सांगतो. दुरुस्तीतला हा सर्वांत मोलाचा भाग मानावा लागेल, कारण एरर गिळून टाकणारा ट्राय-एक्सेप्ट वापरणाऱ्याला अंधारात ठेवतो. ईडीबी या कंपनीच्या पुण्यातील अभियंत्यांचा मोठा हातभार असलेला, पोस्टग्रेसक्यूएल हाताळण्याचा प्रोग्रॅम पीजीॲडमिन ४ हा २०२३मध्ये याच ड्रायव्हरकडे वळला. तो विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालवायचा असल्याने तेथे हा प्रश्न टाळता येत नाही.

शोध घेताना संदेश शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. मग पायथन आणि लायब्ररी एकाच प्रोसेसरसाठी, एकाच ३२ वा ६४ बिट प्रकारच्या आहेत का ते पाहावे. लायब्ररी कोठून उचलली जाते हे लिनक्सवर एलडीडी, तर मॅकवर ओटूल दाखवते. ड्रायव्हरमध्ये दुरुस्ती पाठवणाऱ्याने तिन्ही यंत्रणांवर कोऱ्या मशीनवर पॅकेज बसवून इम्पोर्टची चाचणी घ्यावी. विकासकाच्या स्वतःच्या मशीनवर लिबपीक्यू आधीच बसलेली असते, त्यामुळे तेथे हा दोष दिसतच नाही.