वणव्याच्या दिवसांत बागेतलं काम : मालक आणि मजुरांनी घ्यायची खबरदारी

कोकणात फेब्रुवारी ते मे हे वणव्याचे दिवस, आणि आंबा-काजूच्या हंगामाचेही. सड्यावरचं गवत वाळलेलं असतं, त्याच वेळी तोडणीला आणि बिया वेचायला बागेत माणसं जास्त असतात. जळालेली कलमं पुन्हा लावता येतात, माणूस परत येत नाही. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातल्या बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेले वन विभागाचे कर्मचारी होरपळून गेले. ती रोजची कामाचीच माणसं होती.

हंगामाआधी
बागेभोवती चार-पाच मीटरची जाळरेषा डिसेंबर-जानेवारीतच काढा. नुसतं गवत कापून भागत नाही, पाला झाडून माती उघडी पडली पाहिजे. नंतर पानगळ होते, तेव्हा पुन्हा झाडा. मांगराभोवतीही तसंच करा. पाण्याची पिंपं आणि फवारणीचा पंप भरून ठेवा.

काम चालू असताना
ग्रास कटरचं पातं जांभ्या दगडावर आपटलं की ठिणगी उडते. म्हणून हे काम सकाळीच उरका. मशीन गार झाल्याशिवाय पेट्रोल भरू नका. चूल आणि विडी साफ केलेल्या जागेतच. शेजारी भाजावळ करणार असेल तर आधी विचारून घ्या. राखीव जंगलात आग लावणं भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे.

आग दिसली तर
दुपारी खारे वारे सुटतात आणि आगीची दिशा पालटते. चढावर आग झपाट्याने धावते, म्हणून तिच्या वरच्या अंगाला थांबू नका. बाजूने खाली उतरा किंवा जळून गेलेल्या जागेवर जा. आग छोटी असेल तरच हिरव्या टहाळ्यांनी बाजूने झोडपा. ज्वाळा कमरेच्या वर गेल्या की सामान सोडून निघा. अंगावर सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे असावेत. नायलॉन वितळून कातडीला चिकटतं.

बागेत राहणाऱ्या नेपाळी रखवालदारांना वाडीचं नाव, बाहेर पडायच्या दोन वाटा आणि मालकाचा नंबर आधीच सांगून ठेवा. रोज संध्याकाळी माणसं मोजा.

भाजलं तर वीस मिनिटं साधं गार पाणी सोडा. टूथपेस्ट, शाई लावू नका.

फोन : वन विभाग १९२६, आपत्कालीन मदत ११२, रुग्णवाहिका १०८. नुकसान झालं तर फोटो काढा आणि तलाठ्याला कळवून पंचनामा करून घ्या.