डिर्क : एका नावाची वाटचाल

गोदी कामगारांच्या चळवळीत आमची हयात गेली. त्यामुळे ‘डेरिक’ हा शब्द आम्हांस कोशातून नव्हे, तर जहाजावर माल चढविणाऱ्या यारीवरून ठाऊक. ही यारी एका डच नावाची वारस आहे, असे वाचनात आले, तेव्हा त्या नावाचा माग काढल्यावाचून आम्हांस राहवेना.

नाव आहे डिर्क. त्याचे भरदार रूप डीडेरिक, आणि लॅटिन वळणाचे थिओडोरिक. इ. स. ४९३ ते ५२६ या काळात इटलीवर राज्य करणारा गॉथ राजा याच नावाचा. पूर्वार्धाचा अर्थ लोक, उत्तरार्धाचा सत्ताधीश. हा उत्तरार्ध जर्मन टोळ्यांनी केल्टांकडून उचललेला. आपल्या ‘राजा’ शब्दाचा तो दूरचा भाऊबंद. आम्हांस मोल वाटते ते पूर्वार्धाचे. लॅटिन धर्मगुरूंची, आणि तिच्याहून निराळी बोली ती लोकांची! ७८६ सालच्या एका लॅटिन अहवालात या अर्थाचे विशेषण आढळते, आणि ‘डॉइच’ व ‘डच’ ही नावे याच कुळातली.

या नावात लोक व राजा शेजारी बसले खरे, पण ते राजाच्या ओसरीवर. हॉलंडच्या काउंटांत डिर्कांची रांगच लागली. तिसऱ्या डिर्कने व्लार्डिंगेनजवळ व्यापारी नावांवर जकात बसविली. टीलच्या व्यापाऱ्यांनी सम्राट दुसऱ्या हेन्रीकडे गाऱ्हाणे नेले. १०१८ साली चालून आलेल्या फौजेची तेथल्या दलदलीत दाणादाण उडाली. ती भूमी राबून लागवडीस आणणारे फ्रिजियन शेतकरी डिर्कच्या बाजूने लढले. त्यांच्यापैकी एकाचेही नाव आमच्या वाचनात नाही.

पुढे मात्र हे नाव चांभार, खलाशी, कोळी यांच्या घरी पोचले. डिर्कचा मुलगा तो डिर्कस्झोन. आपल्याकडे बापाचे नाव मध्ये घालतात, तसाच हा प्रकार. १८११ साली नेपोलियनच्या हुकमाने कायम आडनाव सक्तीचे झाले, आणि डिर्क्स, डिर्कसेन ही कुळे सरकारी दप्तरांत चढली.

इंग्लंडात त्याचे डेरेक, डेरिक झाले. १६०० च्या सुमारास लंडनच्या टायबर्न येथे डेरिक नावाचा फाशीगर होता. त्याचे नाव प्रथम फाशी देणाऱ्या कुणालाही, मग फासाच्या खांबाला चिकटले. खांब, दोर आणि लोंबणारे ओझे हा आकार पाहून जहाजावरील यारीलाही लोक तेच म्हणू लागले. तेलविहिरीवरचा मनोराही आज डेरिकच म्हणवतो.