खेड्यासाठी डॉक्टर कसा घडतो?

खेड्यात डॉक्टर का टिकत नाहीत, हा प्रश्न आपल्या देशात स्वातंत्र्याहून जुना आहे. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली आपला अहवाल सादर केला. त्या काळी ब्रिटिश हिंदुस्थानात नोंदणी झालेले सुमारे ४७,५०० डॉक्टर होते. त्यांतील जवळजवळ तीस हजार पदवीधर नव्हते. कमी मुदतीचा अभ्यासक्रम पुरा करून परवाना मिळविलेले ते डॉक्टर होते. मुंबई इलाख्यात आपल्या आजोबांची पिढी ज्यांना ‘एलसीपीएस डॉक्टर’ म्हणत असे, ते याच वर्गातले. समितीच्या बहुमताने हा दुसरा अभ्यासक्रम बंद करून सर्वत्र एकच पदवी असावी, अशी शिफारस केली. डॉक्टरांची संख्या अपुरी असताना असे करू नये, असे भिन्नमत काही सभासदांनी नोंदविले. पुढे पदवी एक झाली. मात्र पदवीधरांची पावले बहुतांशी शहरांकडेच वळली.

या प्रश्नाचे एक उत्तर अहमदनगर जिल्ह्याच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, मातीत घडले. ते आपल्या कुटुंबांनी जाणून घ्यावे, असे आम्हांला वाटते.

डॉ. रजनीकांत आरोळे यांचा जन्म १९३४ साली राहुरीचा. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांचा संसार काही काळ ज्या गावी झाला, तेच हे गाव. रजनीकांतांचे आईवडील दोघेही शिक्षक. वैद्यकीय शिक्षणासाठी ते वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात गेले. डॉ. आयडा स्कडर यांनी १९१८ साली केवळ स्त्रियांसाठी सुरू केलेल्या या विद्यालयात १९४७ पासून पुरुषांनाही प्रवेश मिळू लागला होता. तेथेच त्यांची मेबल यांच्याशी भेट झाली. दोघांनी १९५९ साली पदवी मिळविली, १९६० साली विवाह केला आणि खेड्यातील उपेक्षितांसाठी आयुष्य वेचण्याचा संकल्प केला.

संकल्प पवित्र होता, पण तो पुरेसा नव्हता, हे त्यांना वडाळ्यास उमगले. नेवासे तालुक्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात त्यांनी १९६२ ते १९६६ या काळात सेवा केली. रुग्णांची रीघ लागे, शस्त्रक्रिया होत, लोक दुवा देत. तरीही बरा होऊन गेलेला रोगी पुन्हा त्याच दुखण्याने दारी येई. ज्या पाण्याने तो आजारी पडला, तेच पाणी त्याला घरी प्यावे लागे. जे रुग्णालयापर्यंत पोहोचूच शकत नसत, त्यांची तर गणतीच नव्हती. उत्तम डॉक्टर होण्याचे शिक्षण त्यांना मिळाले होते. खेड्याचा डॉक्टर होण्याचे शिक्षण अजून व्हायचे होते.

त्यासाठी ते पुन्हा विद्यार्थी झाले. अमेरिकेत त्यांनी वैद्यक व शल्यक्रियेचा पुढील अनुभव घेतला आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. भारतातच जन्मलेले डॉ. कार्ल टेलर हे तेथील त्यांचे गुरू. १९७० साली मायदेशी परतून त्यांनी जामखेड निवडले. बीडच्या सीमेला लागून असलेला हा तालुका अवर्षणग्रस्त. जनावरांच्या दवाखान्याच्या वापरात नसलेल्या इमारतीत रुग्णसेवा सुरू झाली. लोकांची पहिली मागणी मात्र औषधाची नव्हती. अन्नाची आणि पाण्याची होती. १९७२ च्या दुष्काळाने तर दुसरे काही सुचूच दिले नाही. तेव्हा डॉक्टरांनी मुलांच्या जेवणाची आणि कूपनलिकांची व्यवस्था पाहिली. खेड्याचे वैद्यक कोठून सुरू होते, हा धडा त्यांना गावकऱ्यांनी दिला.

दुसरा धडाही गावाचाच. आरंभी प्रशिक्षित परिचारिकांना खेड्यांत ठेवण्याची योजना होती. परक्या गावी एकट्याने राहणे त्यांना जड गेले, आणि गावालाही त्या आपल्या वाटल्या नाहीत. मग गावातलीच बाई का शिकवू नये, असा विचार पुढे आला. गावाने निवडलेल्या या स्त्रियांपैकी अनेक निरक्षर होत्या, कित्येक दलित समाजातील होत्या. त्या दर आठवड्यास जामखेडला येत, शिकत आणि शिकलेले गावी नेत. गरोदर स्त्रीची तपासणी, सुरक्षित बाळंतपण, जुलाब झालेल्या बाळाला मीठ-साखरेचे पाणी, कुष्ठरोग व क्षयाची लवकर ओळख ही त्यांची कामे. डॉक्टर व परिचारिकांचे फिरते पथक गावोगाव जाऊन त्यांना पाठबळ देई, आणि अवघड रोगी रुग्णालयात येई.

या रचनेचा एक लाभ सहसा ध्यानात येत नाही. तिने बायांना जसे उभे केले, तसे डॉक्टरांनाही सावरले. शेकडो घरांचा भार एकट्या डॉक्टराच्या खांद्यावर राहिला नाही. क्षुल्लक दुखणी गावातच निभावली, गंभीर दुखणी वेळेवर कळली. निरक्षर स्त्रीला समजेल अशा शब्दांत सांगता सांगता डॉक्टरांचे स्वतःचे ज्ञानही स्वच्छ होत गेले. मुक्ताबाई पोळ या आरोग्यसेविकेने १९८८ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत झुंबर आणि पणती यांची तुलना केली होती. झुंबर महाग, एकाच दालनापुरते. पणती मात्र दुसरी पणती पेटविते.

जामखेड प्रकल्पाच्या गावांत १९७१ साली दर हजार जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती. १९९६ च्या सुमारास हे प्रमाण २६ वर आले. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार, तर रजनीकांतांना १९९० साली पद्मभूषण मिळाले. मेबल १९९९ साली आणि रजनीकांत २०११ साली प्रभूच्या घरी गेले. २००५ नंतर देशभर आलेल्या ‘आशा’ योजनेमागे जामखेडची प्रेरणा होती.

याच जिल्ह्यात लोणी येथे १९८४ साली ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले आणि वैद्यकीय शिक्षणच खेड्यात आले. आपल्या कॅथलिक समाजाने १९६३ साली बंगळूरला स्थापन केलेल्या सेंट जॉन्स महाविद्यालयानेही ग्रामीण सेवेचे बंधन घातले. आता देशातील एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षापासून गावातील काही कुटुंबांशी नाते जोडावे लागते. ही सारी पावले योग्य दिशेची आहेत. तरीही बंधनाची मुदत संपल्यावर तरुण डॉक्टर तेथे राहील की नाही, हे महाविद्यालय ठरवू शकत नाही. अडलेल्या वेळी सल्ला देणारा वडीलधारा सहकारी, हाताशी जाणती सेविका, राहण्याजोगे घर, मुलांसाठी बरी शाळा आणि गावाचा विश्वास, यांवर ते ठरते.

यांतील बऱ्याच गोष्टी आपल्या हाती आहेत. आपल्या धर्मग्रामांतून दरवर्षी मुले-मुली वैद्यकीय व परिचर्येच्या शिक्षणास जातात. त्यांच्यापैकी कोणी खेड्यात जाण्याचे बोलू लागले, तर “एवढे शिकून तिथे काय करणार?” हा प्रश्न बहुधा घरातूनच येतो. तो विचारण्याआधी जामखेडची आठवण करावी. आणि आपल्या गावी कोणी नवा डॉक्टर आला असेल, तर रात्री-अपरात्री त्याचे दार ठोठावण्यापूर्वी, दिवसाउजेडी एकदा त्याच्या कुटुंबाची विचारपूस करून यावे.